रात्री नांगर कुठे टाकता?

निघायच्या आदल्या दिवशी आईने फोनवर विचारलं, "रात्री नांगर टाकून नीट झोपता ना?" प्रश्न रास्त होता. आमचं आजोळ मालवणचं. नांगर टाकून निवांत डुलणाऱ्या होड्या आईने लहानपणापासून पाहिलेल्या. ताईने माझ्या हातातून फोन घेतला. "अगं, खाली चार-पाच किलोमीटर खोल पाणी आहे. एवढा दोर कुठून आणू?" आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रात्रीची पण चालतच असते ती?"

हो, चालतच असते. छोट्या शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडताना माणसं कशी राहतात, काय खातात, कधी झोपतात, हे समजून घ्यायचं तर आईच्या या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते. लोक मला वादळाबद्दल विचारतात, शार्कबद्दल विचारतात. पण बावीस दिवस आमच्या डोक्यात सतत घोळत होती ती झोप. आपली, आणि जागं असलेल्या माणसाची.

ताई आणि भाऊजी बरीच वर्षं इंग्लंडात आहेत. त्यांची बोट बारा मीटरची, म्हणजे साधारण एसटी बसएवढी लांब. स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरातून निघून अटलांटिकपलीकडे, कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर जायचं होतं. सरळ अंतर सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. तिसरा माणूस म्हणून मला बोलावलं होतं. खाडीत छोट्या शिडाच्या होड्या चालवलेल्या, एवढाच माझा अनुभव.

आधी वेगाचा हिशोब सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. एवढी बोट चांगल्या वाऱ्यात सरासरी ताशी साडेपाच सागरी मैल जाते. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा ताशी दहा किलोमीटर. सकाळी मैदानावर व्यायामाला येणारी माणसं पळतात तेवढा हा वेग. फरक इतकाच की ही धाव चोवीस तास चालते आणि दिवसाला १३० मैल पदरात पडतात. रोज रात्री आठ तास थांबायचं ठरवलं तर बावीस दिवसांचे तेहेतीस होतील, आणि राखीव पाण्याला हात लावावा लागेल. शिवाय भर समुद्रात थांबणं म्हणजे विसावा नव्हेच. पुढे जाणारी बोट शिडातल्या वाऱ्यामुळे थोडी सावरलेली असते. शिडं उतरवली की ती प्रत्येक लाटेवर दोन्ही बाजूंना भेलकांडते. वादळात शिडं आणि सुकाणू विशिष्ट कोनात बांधून बोट जवळजवळ जागच्या जागी ठेवायची युक्ती आहे, पण ती अडीनडीला वापरायची.

हा मार्ग नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच का घेतात? शाळेच्या भूगोलात आपण 'व्यापारी वारे' शिकतो, ते हे. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, उत्तरेला तीस अंशांच्या आसपास खाली उतरते आणि समुद्रालगत पुन्हा विषुववृत्ताकडे वाहू लागते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हा प्रवाह वळतो आणि ईशान्येकडून येणारा वारा होतो. पश्चिमेला निघालेल्या बोटीला तो पाठीमागून मिळतो. कोलंबस १४९२ साली ६ सप्टेंबरला कॅनरीतल्या गोमेरा बेटावरून निघाला आणि १२ ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली, ती याच वाऱ्यावर. जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम, म्हणून आजच्या बोटी तो सरत आल्यावर निघतात. १९८६ पासून दर नोव्हेंबरात लास पाल्मासहून बोटींचा मोठा ताफाच कॅरिबियनला निघतो, १९९० पासून सेंट लुशियाला. वारा पक्का मिळावा म्हणून आधी नैर्ऋत्येला उतरायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. जुने खलाशी सांगत, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग उजवीकडे वळा. आमचं लोणी सहाव्या दिवशी वितळलं.

आता पहारा.

तिघं असलो की सोपं गणित असतं: तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. रात्री नऊ ते बारा भाऊजी, बारा ते तीन ताई, तीन ते सहा मी. रोज तेच तास ठेवले, कारण शरीराला चार-पाच दिवसांत त्याची सवय होते. दिवसा थोडी ढिलाई चालायची, रात्री अजिबात नाही.

"उठ रे, तीन वाजले. चहा ठेवलाय थर्मासमध्ये."

"वारा?"

"मागूनच, अठरा. दोनला एक जहाज गेलं उत्तरेकडून, आता दिसत नाही. डावीकडे मागे एक ढग आहे काळा. बघत राहा."

रोज रात्री एवढंच बोलणं. पण त्यात वारा (अठरा म्हणजे ताशी अठरा सागरी मैल), वाहतूक आणि हवामान तिन्ही आलं. माझा लाइफजॅकेटचा पट्टा बोटीच्या कड्यात अडकल्याचा 'खट्' आवाज ऐकल्याशिवाय ताई खाली उतरायची नाही. जॅकेटला पुढून दीड-दोन मीटरचा मजबूत पट्टा असतो आणि त्याचा हूक बोटीला पक्क्या बसवलेल्या कड्यात अडकवायचा. ताशी सहा मैलांनी जाणारी बोट सेकंदाला तीन मीटर पुढे सरकते. रात्री एकटा माणूस पडला, तर एका मिनिटात बोट १८५ मीटर दूर गेलेली असते. दोन-तीन मीटरच्या लाटांत माणसाचं डोकं त्याच्या निम्म्या अंतरावरूनही दिसत नाही, आणि खाली झोपलेल्यांना तर पत्ताच नसतो. म्हणून नियम असा की रात्री एकट्याने कॉकपिट, म्हणजे मागची बसायची खोलगट जागा, सोडायची नाही. पुढे जायचंच असेल तर आधी कुणाला तरी उठवायचं. बावीस दिवसांत या नियमाला एकदाही सूट मिळाली नाही, आणि मिळू नये.

पहाऱ्यावर काय पाहायचं? बसल्या जागी डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच मीटर उंच असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज फक्त सव्वातीन मैलांवर असतं. मोठ्या जहाजाचे दिवे उंचावर असतात म्हणून ते त्याआधी दिसतात. पन्नास मीटरांहून मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा किमान सहा मैलांवरून दिसला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. समजा ते जहाज वीस मैलांच्या वेगाने समोरून येतंय. त्याचे वीस आणि आपले साडेपाच मिळून सहा मैल अंतर चौदा मिनिटांत संपतं. आमच्याएवढ्या बोटीच्या दिव्यांना नियमाने दोन मैलांचा पल्ला पुरतो, म्हणजे त्या जहाजावरच्या माणसाला आम्ही दिसणार शेवटच्या पाच मिनिटांत, आणि तेही तो नेमका तिकडे पाहत असेल तर. म्हणून दर दहा मिनिटांनी उठायचं, चहूबाजूंनी सावकाश नजर फिरवायची, आणि मगच बसायचं.

याला जोड म्हणून एआयएस नावाचं उपकरण असतं. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या प्रत्येक जहाजाला ते सक्तीचं आहे. जहाजाचं नाव, दिशा, वेग ते रेडिओवर सतत सांगत राहतं. आपल्या पडद्यावर त्रिकोण उमटतो आणि तो किती जवळून जाणार हेही कळतं. फार मोठा आधार आहे. तरी डोळ्यांची जागा ते घेत नाही, कारण वाहत आलेला ओंडका किंवा दुसरी छोटी बोट त्यात दिसेलच असं नाही.

मग एकटे जाणारे काय करतात? टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने सदासर्वकाळ योग्य पहारा ठेवला पाहिजे. एकट्या माणसाला तो शब्दशः पाळताच येत नाही. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकांडे दर्यावर्दी पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत झोपतात आणि गजर लावून उठतात. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने, वाटेत मोजके थांबे घेत, पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. पाच महिने! बावीस दिवसांत तिसऱ्या हिश्शाचा पहारा करून माझे डोळे चुरचुरत होते, तेव्हा या पाच महिन्यांची मला नीट कल्पना आली.

दोघं असतील तर गंमत वेगळीच. एक झोपला की दुसरा जागा, त्यामुळे बारा मीटरच्या बोटीवर राहूनही दोघांची भेट होत नाही. ताई सांगते, आधीच्या एका लांबच्या सफरीत ती आणि भाऊजी आठ-आठ दिवस एकमेकांना फक्त पहारा बदलताना भेटायचे. म्हणून त्यांनी संध्याकाळचं जेवण एकत्र घ्यायचं असं ठरवून टाकलं, आणि आम्ही तिघांनीही ते पाळलं. दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन लेफ्टनंट कमांडर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. त्यांची 'तारिणी' ५६ फुटांची आणि बोटीवर त्या दोघीच. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे थांबे घेत त्यांनी दक्षिण महासागरातून प्रदक्षिणा केली. तिथे थंडी आहे, लाटा डोंगराएवढ्या आहेत, आणि झोपायच्या पाळ्या त्याच. 'म्हादेई' आणि 'तारिणी' दोन्ही गोव्यात, मांडवीतल्या दिवार बेटावर बांधलेल्या, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पहारेकरी नुसता पाहत बसतो, मग सुकाणू कोण धरतं? पुष्कळांना वाटतं की कुणीतरी रात्रंदिवस चाक धरून उभं असतं. तसं केलं तर तीन माणसं चार दिवसांत गळून जातील. बोटीच्या मागे वाऱ्यावर चालणारं एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला विंडव्हेन म्हणतात. त्याचं काम असं: एक उभी पातळ फळी वाऱ्याच्या धारेत धरलेली असते. बोट वाटेवर आहे तोवर वारा फळीच्या कडेवरून निघून जातो. बोट जरा वळली की वारा फळीच्या अंगावर येतो आणि ती एका बाजूला कलते. कलताना ती पाण्यात सोडलेलं एक वल्हं किंचित पिळते. पुढे जाणाऱ्या बोटीमुळे पाणी त्या पिळलेल्या वल्ह्यावर जोराने आपटतं आणि त्याला बाजूला ढकलतं. वल्ह्याला बांधलेले दोर सुकाणूचं चाक ओढतात, बोट परत वाटेवर येते, फळी उभी राहते. फळीला फक्त दिशा कळते. ताकद असते ती पाण्याची. वीज लागत नाही, तक्रार नाही, भूक नाही. एक मर्यादा मात्र आहे. हे यंत्र वाऱ्याशी कोन राखतं, होकायंत्राशी नाही. वारा फिरला तर बोटही त्याच्याबरोबर गुमान फिरते. त्यामुळे दर तासाला दिशा पाहून वहीत लिहायची.

१९६० साली अटलांटिकवर एकेकट्याने करायची पहिली शर्यत झाली. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिले आले, ब्लाँडी हॅस्लर अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरे. दोघांच्याही बोटींवर घरगुती विंडव्हेन होती. पुढे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाला पहिली फेरी मारली. त्यांचं हे यंत्र अर्ध्या वाटेत मोडलं, तेव्हा त्यांनी शिडांचा तोल असा साधला की बोट आपणहून वाट धरत राहिली. ती बोट, 'सुहेली', बत्तीस फुटांची, सागवानी, आणि बांधलेली आपल्या मुंबईत. भाऊजींनी हे मला एका रात्री पहाऱ्यावर सांगितलं, आणि समोरच्या अंधारात मला एकदम घरचं कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटलं.

पहिले तीन दिवस मला बोट लागली होती. गाडी लागते तशीच ही, फक्त गाडी थांबवता येत नाही. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे समोरची लाकडी भिंत पाहून सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूचा या भांडणात गोंधळ उडतो आणि पोट ढवळतं. उपाय म्हणजे वर यायचं, क्षितिजाकडे बघायचं, काहीतरी कोरडं चघळायचं, पाणी पीत राहायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचा मेंदू जुळवून घेतो. तोवर पहारा चुकत नाही. बादली शेजारी ठेवून करायचा.

वारा मागून असला की बोट पुढे-मागे कमी आणि आडवी जास्त हलते. दर सहा सेकंदांना एक हेलकावा धरा, दिवसाला १४,४०० होतात. झोपताना अंग घरंगळू नये म्हणून बंकला, म्हणजे झोपायच्या अरुंद फळीला, बाहेरच्या बाजूने कापडाचा आड बांधतात, झोळीच्या कडेसारखा. पहिल्या रात्री मी हात-पाय ताणून स्वतःला अडवून धरत होतो आणि सकाळी जास्तच दमून उठलो. ताईने पाठीशी दोन उशा खुपसून दिल्या. "अंग सैल सोड, कापडाला धरू दे तुला," म्हणाली. तेव्हा कुठे डोळा लागला.

स्वयंपाकघर म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा. शेगडी पाळण्यासारखी दोन खुंट्यांवर टांगलेली, त्यामुळे बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. शेगडीला कडेने अडणी असतात, भांडी त्यांत अडकवून ठेवायची. रांधणाऱ्याच्या कमरेला पट्टा, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. आणि आपला प्रेशर कुकर! लांबच्या सफरींवर जगभरचे लोक तो आवडीने नेतात, हे मला तिथे कळलं. गॅस कमी लागतो हे झालंच, पण खरं कारण म्हणजे झाकण कुलूप लावल्यासारखं घट्ट बसतं. कुकर घरंगळून खाली पडला तरी उकळती डाळ कुणाच्या पायावर सांडत नाही. रुग्णालय हजार मैल लांब असताना भाजणं ही वादळापेक्षा जवळची भीती असते. मुगाची खिचडी, वर तूप, लोणचं. ताटं नाहीत, खोल वाडगे. कप अर्धाच भरायचा.

सामान भरताना ताईची शिस्त बघण्यासारखी होती. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीत येऊ दिलं नाही, कारण त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच उघडून डब्यांत भरलं. कांदे एका जाळीत, बटाटे दुसऱ्या टोकाला. जवळ ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. अंडी न धुतलेली घेतली. कोंबडीची अंडी मुळात एका पातळ आवरणात असतात, ते धुतलं की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. न धुतलेलं अंडं फ्रिजबाहेर आठवडे टिकतं. फ्रिज विजेचा मोठा गिऱ्हाईक, आणि वीज सगळी छतावरच्या सोलर पॅनलची, म्हणून तो आम्ही फार कमी वापरला. कोबी, लाल भोपळा आणि लिंबं शेवटपर्यंत पुरली. केळ्यांचा घड मात्र आठव्या दिवशी एकदम पिकला आणि दोन दिवस आम्ही फक्त केळी खाल्ली. ताजं हिरवं संपल्यावर ताई फडक्यात मटकी-मूग बांधून मोड आणायची. त्या मोडांवर लिंबू पिळून खाताना जे सुख वाटायचं, ते किनाऱ्यावर कितीही भाजी खाल्ली तरी मिळत नाही.

पाण्याची टाकी ४०० लिटरची. तिघांना पिण्या-रांधण्याला रोज दहा लिटर, तीस दिवस धरून ३००, उरलेलं राखीव. टाकी फुटली किंवा पाणी नासलं तर म्हणून ४० लिटर वेगळ्या कॅनमध्ये. भोवती पाणीच पाणी, पण त्याच्या लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ. ते मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणजे पिणारा उलट कोरडा पडतो. बटाटे उकडायला मात्र आम्ही थोडं समुद्राचं पाणी घालायचो. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी चमचाभर गोड्या पाण्याने पुसायची. अंगाचा साबण खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही, भांड्यांचा लिक्विड साबण देतो. म्हणून अंघोळही त्यानेच. बादलीने समुद्राचं पाणी अंगावर घ्यायचं आणि शेवटी लिटरभर गोडं पाणी बागेच्या फवारणीच्या छोट्या पंपाने मारायचं.

ते शेवटचं लिटर चैन नव्हे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. एकदा खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा उन्हात वाळला तरी संध्याकाळी पुन्हा दमट होतो, आणि असा कपडा घालून तासन्‌तास बसलं की कातडी चिघळून गळवं येतात. मला दहाव्या दिवशी आली. बसणं मुश्कील झालं. भाऊजींनी मुकाट्याने आपल्या वाट्याचं लिटर दोन दिवस मला दिलं. चाळीस फुटांच्या बोटीवर आपुलकी अशीच लिटरमध्ये मोजली जाते.

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे बोटीला फेरी मारायची. रात्री डेकवर पडलेले उडते मासे उचलायचे, आणि प्रत्येक दोर जिथे वळतो तिथे बोटांनी चाचपायचा. दोर तुटतो तो बहुधा जोराने नव्हे, घासून. आठवा, दिवसाला १४,४०० हेलकावे. प्रत्येक हेलकाव्याला दोर केसभर पुढे-मागे सरकतो, त्याच ठिकाणी, त्याच धातूवर. आधी त्यावर पांढरी लव येते, मग धागे सुटतात. इलाज साधा आहे: दोर रोज वीतभर सैल करायचा किंवा ओढायचा, म्हणजे घासायची जागा बदलते. चौदाव्या दिवशी ते काम माझं होतं. पुढचं शीड बाहेर धरून ठेवणाऱ्या काठीच्या टोकाशी दोर वळायचा. तिथे सकाळी लव दिसली, आणि दुपारी बदलतो असं म्हणून मी झोपलो. रात्री दीडला बंदुकीसारखा आवाज झाला. सुटलेलं शीड अंधारात फाडफाड आपटत होतं, सगळी बोट थरथरत होती. तिघं मिळून ते आवरायला चाळीस मिनिटं लागली. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. पण त्या रात्रीनंतर 'दुपारी बदलतो' हे वाक्य मी पुन्हा म्हटलं नाही.

ताईने दाखवलेल्या त्या काळ्या ढगाचंही सांगायला हवं. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात मोठी वादळं हिवाळ्यात क्वचित, पण असे सुटे ढग रोज रात्री येतात. आधी क्षितिजावरचे तारे विझतात, मग गार झुळूक, आणि दोन मिनिटांत अठराचा वारा पस्तीस. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून संध्याकाळी, हवा कितीही छान असली तरी, शिडं गुंडाळून लहान करून ठेवायची. वेगात अर्धा मैल जातो, पण खाली दोन माणसं निर्धास्त झोपतात.

दुपारी बारा ही बोटीवरची सगळ्यात आनंदाची वेळ. जीपीएस असलं तरी भाऊजी कागदी नकाशावर पेन्सिलीने फुली मारायचे आणि कालच्या फुलीपासून किती मैल झाले ते मोठ्याने वाचायचे. १३४. १२१. एकदा १५२! पश्चिमेला सरकत असल्याने सूर्य रोज जरा उशिरा उगवायचा. दर पंधरा अंश रेखांशांना एक तास. कॅनरी आणि सेंट लुशियाच्या घड्याळांत चार तासांचा फरक आहे, तेव्हा वाटेत चारदा घड्याळ मागे घ्यावं लागलं. तो जादा तास कुणा एकाच्या पहाऱ्यात पडू नये म्हणून आम्ही संध्याकाळच्या जेवणाला घड्याळ बदलायचो. त्या दिवशी जेवण दोन तास चालायचं, आणि ताई रवा भाजून शिरा करायची.

बाविसाव्या दिवशी पहाटे माझ्याच पहाऱ्यात समोर एक न हलणारा दिवा दिसला. इतके दिवस पाहिलेला प्रत्येक दिवा सरकत असायचा. मी दोघांना उठवलं. उजाडल्यावर हिरवे डोंगर दिसले. मी जमिनीच्या वासाची वाट पाहत होतो, पण वास काही येईना. भाऊजी म्हणाले, "कसा येईल? वारा आपल्या पाठीमागून जमिनीकडे चाललाय. पलीकडे वळू दे." बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घातला, पिजन आयलंड मागे पडलं, वारा अडला, बोट बावीस दिवसांत पहिल्यांदा सरळ उभी राहिली. आणि मग तो आला: ओली माती, कुजलेली पानं, कुठेतरी पेटलेली चूल. ताई पुढे नांगराजवळ उभी होती. साखळी खडखडत आठ मीटर खाली गेली. फोनला रेंज आली तशी तिने आधी आईला लावला.